अर्जातला ‘सध्या’

आमच्या कॉलनीतल्या निम्म्याअधिक घरांची गरिबी मी इंग्रजीत लिहिलेली आहे. आठवीच्या शेवटापासून दहावीचा निकाल लागला त्या महिन्यापर्यंत हे काम मी केलं, एक पैसा न घेता केलं, आणि खरं सांगायचं तर मोठ्या हौसेनं केलं. फीमाफीचा अर्ज असो, दवाखान्यात बिल कमी करून मागायचं असो की घरपट्टीला मुदत मागायची असो, लोक आमच्या दारात येऊन विचारायचे, ‘रत्ना हाय का घरी? इंग्लिश लिहून पाहिजे होतं.’ त्या हाकेनं माझी मान जी ताठ व्हायची ती दिवसभर तशीच राहायची. आई म्हणायची, हिला आता भाकरी थापायला बसवायची म्हणजे आधी अर्ज करावा लागेल.

घर सातपूरला, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीवर पत्रा, मागच्या खोलीवर कौलं, आणि दोन्हींच्या मधल्या फटीतून येणारा उन्हाचा एक पट्टा, जो सकाळी चुलीवर आणि दुपारी माझ्या दप्तरावर पडायचा. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. सिन्नरकडच्या एका खेड्यातून ते पोरवयात नाशिकला आले, एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि पुढे फिटर झाले. हेल्परचा फिटर होणं ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी घटना. माझा जन्मसुद्धा आई ‘हे फिटर झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी’ असाच सांगायची. आण्णा सही करताना आधी नाव लिहायचे, त्याखाली एक रेघ मारायचे आणि रेघेखाली बारीक अक्षरात ‘फिटर’ असं लिहायचे. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा. वर्गातल्या बाई एकदा म्हणाल्या की नुसती सही पुरे आहे. मी ते घरी सांगितलं तर आण्णा म्हणाले, बाईंना कळायला नको का कोणाची पोरगी आहे ते.

आमच्या कॉलनीत घड्याळं कमी आणि कारखान्याचा भोंगा सगळ्यांचा. पहिल्या भोंग्याला आण्णा उठायचे, दुसऱ्याला सायकल बाहेर निघायची, आणि संध्याकाळच्या भोंग्याला आई चहाचं आधण ठेवायची. ते आधण उकळेपर्यंत आण्णा दारात हजर. आई स्वतः गावातल्या एका चिवड्याच्या भट्टीवर पाकिटं भरायला जायची. ती घरात आली की आधी तिचा वास यायचा, तळलेल्या कांद्याचा आणि मसाल्याचा. पदरात बांधलेल्या पुडीत चुरा असायचा. चिवडा भरून झाल्यावर परातीच्या तळाशी जे उरतं ते मोडके पोहे, डाळं, शेंगदाण्याची सालं आणि मसाला असं सगळं एकत्र. त्यावर कांदा चिरून, लिंबू पिळून आई तो आम्हा दोघा भावंडांना द्यायची. मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद त्यातले आख्खे शेंगदाणे शोधायचो. आजही कोणी नाशिकची आठवण म्हणून चिवडा आणून दिला की मी आधी पाकिटाचा तळ बघते.

अर्ज लिहिण्याची सुरुवात शेजारच्या सखूमावशीपासून झाली. तिचा नवरा हमाली करायचा, कांद्याच्या गोण्या ट्रकमध्ये चढवायचा. तिचा मुलगा देविदास माझ्याच वर्गात होता. त्याच्या फीसाठी अर्ज द्यायचा होता आणि इंग्रजीत अर्ज दिला की त्याचं वजन पडतं अशी कॉलनीची ठाम समजूत होती. मावशी म्हणाली, लिही बाई, आमचं हातावर पोट हाय. मी शब्दकोश उघडून एकेक शब्द लावला आणि लिहिलं, ‘देअर स्टमक इज ऑन देअर हँड.’ आमचे इंग्रजीचे जाधव सर तो कागद वाचून इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण त्यांनी कागद फाडला नाही. ते वाक्य खोडून वर लिहिलं, ‘दे लिव्ह फ्रॉम हँड टू माउथ.’ मग म्हणाले, इंग्रजांचंही हातावरच असतं गं, फक्त ते पोटाऐवजी तोंडाचं नाव घेतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक जुनं, मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक दिलं. इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ, विषयवार. ‘हवामान’ आणि ‘प्रवास’ यांच्या मध्ये ‘आर्थिक अडचण’ असं एक प्रकरण होतं, चार पानांचं.

ती चार पानं मला पाठ झाली. टू मेक बोथ एंड्स मीट, म्हणजे दोन्ही टोकं जुळवणं. टू टायटन वन्स बेल्ट, म्हणजे पट्टा आवळणं. हे मी लिहायचे, पण आमच्या कॉलनीत पट्टा वापरणारा एकच माणूस होता आणि तो पोस्टमन. पुअर ॲज अ चर्च माउस, म्हणजे देवळातल्या उंदरासारखा गरीब. हे मी एकदाही वापरलं नाही, कारण पंचवटीतल्या देवळांतले उंदीर मी पाहिलेले होते आणि ते चांगले गलेलठ्ठ होते. इन डायर स्ट्रेट्स, म्हणजे मोठ्या पेचात, हे मला अर्थापेक्षा आवाजासाठी आवडायचं. आणि सगळ्यांत आवडतं होतं, टू कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर. लांडग्याला, म्हणजे उपासमारीला, दाराबाहेर ठेवणं. हे मी कॉलनीतल्या गायकवाडकाकांना समजावून सांगितलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, पण रत्ना, आपल्याकडं बिबट्या येतो. लांडगा लिहिला तर साहेबाला खोटं नाही का वाटणार?

मला वाटायचं नाही. कोणत्या घराला कोणतं वाक्य द्यायचं हे मीच ठरवत असे, आणि ते ठरवताना त्या घरातल्या माणसांना काही विचारावं असं मला कधी सुचलंच नाही. लोक दारात उभे राहून आपली हकीकत सांगायचे, मी मान हलवायचे, पण माझं लक्ष त्या चार पानांत असायचं. कोणाचा पाय मोडलेला असे, कोणाची नोकरी कच्ची असे, कोणाच्या घरी दोन पोरी लग्नाच्या असत. माझ्याकडून त्या सगळ्यांना लांडगा मिळायचा. इतक्या वर्षांनी, परवाच, माझ्या सोसायटीतल्या एका बाईंनी त्यांच्या मुलाच्या कॉलेजला द्यायचं पत्र मला वाचायला दिलं. मोबाईलनं लिहून दिलेलं होतं. ‘वी आर गोइंग थ्रू अ चॅलेंजिंग फेज.’ मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सवयीनं लाल पेन हातात घेतलं, पण चूक एकही सापडली नाही. मग मी त्यांना विचारलं, नेमकं झालंय काय? त्या म्हणाल्या, अहो, हेच तर नीट सांगता येत नाही, म्हणून मोबाईलला सांगितलं.

मी दहावीत असताना दिवाळी झाल्यावर एका सोमवारी भोंगा वाजला नाही. कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली होती, टाळं होतं आणि आत कुत्री फिरत होती. पहिला आठवडा लोकांना गंमतच वाटली, भोंग्याशिवाय सगळ्यांना उशीर व्हायचा. मग आण्णा रोज सकाळी पूर्वीच्याच वेळेला उठून, पूर्वीच्याच सायकलवर, हत्यारांची पिशवी हँडलला अडकवून निघायला लागले. कुठे मोटार दुरुस्त करायची असे, कुठे शेतावरचा पंप, कुठे काहीच नसे. संध्याकाळी कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘सध्या बंद हाय.’ बंद पडलाय असं ते कधी म्हणाले नाहीत. घरात तूर महाग झाली म्हणून आमटी पातळ झाली, आणि पूर्वी मधल्या वेळचा खाऊ असलेला चुरा आता आमटीत भिजवून जेवणाच्या ताटात यायला लागला. तसा तो चवीला वाईट लागत नसे, उलट मिलिंद अजून मागायचा. आईनं भट्टीवर जादा तास घेतले. एकदा भाकरी करताना ती मला न बघता म्हणाली, दहावी झाली की तूपण चल भट्टीवर, मालकीणबाई विचारत होत्या. माझ्या हातात त्या वेळी ते मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक होतं आणि ते आता हातातून सुटेल अशी मला एकदम भीती वाटली.

निकाल लागला, मी शाळेत दुसरी आले. गंगापूर रोडवरच्या एका ट्रस्टची सूचना शाळेच्या फळ्यावर लागली: गरजू विद्यार्थ्यांना अकरावीची फी आणि पुस्तकं. मला ती मदत मिळाली तर कॉलेज, नाही तर भट्टी, हे घरात कोणी बोललं नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. आमच्या कॉलनीतली आम्ही सहा मुलं अर्ज करणार होतो. सूचनेच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: अर्ज मराठी किंवा इंग्रजीत चालेल. ती ओळ मी वाचली होती. कोणाला सांगितली नाही. ही गोष्ट मी आजवर फक्त देविदासला सांगितली आहे, तीही म्हातारपणी. मराठी चालतं म्हटलं असतं तर जो तो आपापला अर्ज लिहून मोकळा झाला असता, आणि रत्ना हाय का घरी, असं विचारत कोणी आलं नसतं.

पाच अर्ज मी दोन दिवसांत लिहिले. सहावा माझा. आपल्या घराला कोणतं वाक्य द्यावं याचा मी बराच विचार केला आणि शेवटी ठरवलं की जे काही आहे ते सगळंच द्यावं. हँड टू माउथ लिहिलं, दोन्ही टोकं लिहिली, लांडगा लिहिला, आणि शेवटी पुस्तकातले सगळ्यांत जड दोन शब्द शेजारी शेजारी बसवले: माय फादर इज पेनीलेस अँड डेस्टिट्यूट. सहीसाठी कागद आण्णांपुढे ठेवला. ते म्हणाले, वाच. मी मराठीत वाचून दाखवलं की कारखाना बंद आहे, मुलगी हुशार आहे, पुढे शिकायची इच्छा आहे. यातलं एक वाक्यसुद्धा त्या कागदावर नव्हतं. आण्णांनी ऐकलं, हात पुसले, माझं पेन घेतलं, नाव लिहिलं, रेघ मारली आणि रेघेखाली नेहमीसारखं बारीक अक्षरात ‘फिटर’ लिहिलं.

आठवड्यानं ट्रस्टचं पोस्टकार्ड आलं. पालकांना घेऊन या. मला वाटलं, झालं काम. आण्णांनी धुतलेला शर्ट घातला, मी निळी ओढणी घेतली, आणि आम्ही सिटी बसनं गेलो. ऑफिसात टेबलामागे तिघं होते, मध्ये एक वयस्कर बाई, दोन बाजूंना दोन गृहस्थ. बाईंच्या पुढे आमचे सहाही अर्ज पत्त्यांसारखे पसरलेले. त्यांनी मला विचारलं की हे सगळे तूच लिहिलेस का. मी अभिमानानं हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘अक्षर छान आहे. पण सहाही घरांच्या दाराशी लांडगा आलाय, हे कसं काय?’ शेजारचे गृहस्थ हसले. मग ते म्हणाले की सहा अर्जांत तीच वाक्यं आहेत, त्यामुळे यातलं खरं काय आणि बनवलेलं काय हे आम्हाला कळायला मार्ग नाही, आणि असे अर्ज आम्ही बाजूला ठेवतो. तेव्हा मला कळलं की बुडणार ते माझं एकटीचं नाही.

बाईंनी माझा अर्ज उचलला आणि आण्णांना विचारलं की यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे का. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बाई मला म्हणाल्या, तूच सांग, मराठीत सांग. मी उभी राहिले. मी म्हटलं, जवळ फुटका पैसा नाही, आणि निराधार.

‘निराधार,’ आण्णा म्हणाले. ते रागावलेले नव्हते, विचारात पडल्यासारखे दिसत होते. ‘निराधार म्हंजी ज्याला कोणी नाय तो. मग ही माझी कोण?’

बाईंनी अर्ज त्यांच्यासमोर धरला आणि सहीवर बोट ठेवलं. ‘वर निराधार लिहिलंय आणि खाली तुम्ही लिहिलंय फिटर. यातलं खरं कोणतं?’

‘खालचं,’ आण्णा म्हणाले. ‘सध्या काम नाय.’

दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं, घरात कधी उपाशी राहायची वेळ आली का? मी मनातल्या मनात आण्णांना विनवत होते की हो म्हणा, एकदाच हो म्हणा. आण्णा म्हणाले, नाय. गृहस्थ म्हणाले, मग तुमच्यापेक्षा गरजू मुलं आहेत आमच्याकडे. आण्णा म्हणाले, असतील, त्यांना आधी द्या. मला त्या क्षणी आण्णांचा इतका राग आला की आजही तो आठवला तर कानशिलं तापतात. त्यांचं एक ‘हो’ आणि माझं कॉलेज, असा साधा हिशोब मला दिसत होता, आणि तो त्यांना दिसत नाही याचा संताप येत होता. बाईंनी मात्र कागद गोळा केले आणि मला विचारलं, सूचनेत मराठी चालेल असं लिहिलं होतं, ते वाचलं नाहीस का? मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, शनिवारपर्यंत सहाही अर्ज पुन्हा आणा. मराठीत, ज्याचे त्यानं सांगितलेले आणि ज्याच्या त्याच्या मुलानं लिहिलेले.

परतीच्या बसमध्ये जागा नव्हती, आम्ही दांड्याला धरून उभे होतो. सातपूरला उतरताना आण्णा म्हणाले, मला वाचून दाखवलंस तेव्हा त्यात निराधार नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. ते ‘हं’ म्हणाले आणि जाताना सायकल ठेवली होती त्या दुकानाकडे वळले. माझा राग तिथेच अर्धा उतरला आणि त्या जागी जे आलं त्याला शरम म्हणतात. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस मी त्या पाच घरी गेले. अर्ज परत आलेत आणि ते माझ्यामुळे आलेत हे प्रत्येक दारात सांगावं लागलं. गायकवाडकाका म्हणाले, मी म्हणालो नव्हतो का तुला बिबट्या लिही म्हणून. ते हसले, पण त्यांची बायको हसली नाही. मी पहिल्यांदाच लोकांना विचारलं की तुमचं काय आहे ते सांगा, आणि तेव्हा कळलं की ते सगळे आधीपासून सांगतच होते. गायकवाडांच्या घरात कमावणारा मोठा मुलगा वेगळा राहायला गेला होता. एका घरी बाप दुबईला गेला होता आणि पत्र येत नव्हतं, आणि ही गोष्ट अर्जात लिहायची की नाही यावर आई आणि मुलगी माझ्यासमोर भांडल्या. सखूमावशी तर काहीच बोलेना. ती म्हणाली, मला काय बोलता येतं का, तुझं ते इंग्लिशच बरं होतं. शेवटी देविदासनं एका ओळीचा अर्ज लिहिला: वडील हमाल आहेत, मदत मिळावी. मी म्हटलं, अजून थोडं लिही. तो म्हणाला, अजून काय आहे?

आमचा अर्ज शनिवारी सकाळी झाला. आई भट्टीवर जायची खोळंबली होती, मिलिंद चुलीपाशी बसून चुरा खात होता, आण्णा पाटावर बसले होते आणि मी वही मांडीवर घेतलेली. आण्णा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. माझे वडील फिटर आहेत. काम नाही. आई मध्येच म्हणाली, मी भट्टीवर पाकिटं भरते ते लिही, माझं राहिलं. ते लिहिलं. जेवणाचं भागतं, कॉलेजची फी आणि पुस्तकं भागत नाहीत, हेही लिहिलं. मग मी सगळं वाचून दाखवलं. आण्णा म्हणाले, ‘सध्या राहिलं.’

मी म्हटलं, बाईंना ते माहीत आहे. आण्णा म्हणाले, ‘राहिलं ते राहिलं. काम नाय आणि सध्या काम नाय, यात लय फरक हाय. वर घाल.’

मला ॲट प्रेझेंट येत होतं. पुस्तकात होतं. पण मी लिहिलेल्या एकाही अर्जात ते नव्हतं, कारण ते घातलं की वाक्य सौम्य व्हायचं आणि मला ती सगळी माणसं कायमची गरीब हवी होती. तशी ती वाचायला चांगली लागत. मी ‘काम’च्या आधी काकपदाची खूण काढली आणि वर ‘सध्या’ लिहिलं. आण्णांनी तो शब्द नीट बसलाय का ते वाकून बघितलं, मग सही केली, रेघ मारली, आणि रेघेखाली आपलं ते लिहिलं.

सहापैकी चौघांना मदत मिळाली. मला निम्मी मिळाली, म्हणजे फी मिळाली आणि पुस्तकं नाही. पुस्तकं जाधव सरांनी कुठून कुठून गोळा करून दिली. मी अकरावीला गेले, आणि भट्टीवर फक्त सुट्ट्यांमध्ये गेले. देविदासला काही मिळालं नाही. ते त्याच्या एका ओळीमुळे की माझ्या आधीच्या अर्जामुळे हे मला आजही ठाऊक नाही. तो अंबडला एका वेल्डिंगच्या दुकानात लागला आणि सखूमावशी माझ्याशी वर्षभर बोलली नाही. आज त्याची ग्रिलची दोन दुकानं आहेत, मुलं शिकलेली आहेत, आणि रस्त्यात भेटला की सगळ्यांदेखत मला ‘काय लांडगा’ म्हणून हाक मारतो. मी हसते. तो हाक मारतो तोवर बरं आहे असं वाटतं.

कारखाना परत उघडला नाही. वर्षभरानं यंत्रं नेली, मग पत्रे नेले, आणि आता तिथे गाड्यांचं शोरूम आहे. आण्णा एका हाऊसिंग सोसायटीत वॉचमन झाले आणि एकोणीस वर्षं वॉचमन राहिले. खाकी कपड्यात ते फार अवघडलेले दिसायचे. सोसायटीतल्या पाण्याच्या मोटारी तेच दुरुस्त करायचे, त्यासाठी कोणी त्यांना वेगळे पैसे दिल्याचं मला आठवत नाही. कोणी नवीन माणसानं विचारलं, काय करता, की ते म्हणायचे, सध्या वॉचमन आहे. मी नोकरीला लागले तरी तेच. मिलिंदचं लग्न झालं, पत्रिका वाटताना तेच. मला कधी कधी हसू यायचं, आणि एकदा मी त्यांना गमतीनं म्हटलंही की आण्णा, तुमचं सध्या फार लांबलं. त्यांनी ते गमतीत घेतलं नाही. म्हणाले, लांबलं खरं.

ते गेल्यानंतर आठवड्यानं मी, मिलिंद आणि आई महापालिकेत मृत्यूची नोंद करायला गेलो. खिडकीतला कारकून फॉर्म भरत होता. नाव, वय, पत्ता असं एकेक विचारत तो व्यवसायाच्या रकान्याशी आला. मिलिंद वॉचमन म्हणाला. कारकुनानं ‘वॉ’ लिहिलंसुद्धा. आई तोवर भिंतीला टेकून बसलेली होती, तिचे गुडघे दुखायचे. ती तिथूनच म्हणाली, ‘फिटर लिहा. वॉचमन ते सध्या होते.’

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, फिटर. त्यानं ‘वॉ’ खोडलं.